इंजिनांतील ठोका : तो ऐकावा कसा व ओळखावा कसा

बाजारांत मडकें विकत घेतांना आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी काय करतात, हें सर्वांनीं पाहिलेंच असेल. मडकें डाव्या हातावर तोलून धरावयाचें, उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानें त्यावर हलकेच ठोकावयाचें, आणि कान देऊन ऐकावयाचें. खणखणीत नाद आला तर मडकें धड; बद्द आवाज आला तर कोठें तरी डोळ्यांस न दिसणारी चीर आहे. तें फोडून पाहण्याची गरज पडत नाहीं. आगगाडीच्या स्टेशनांत हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर एकेक ठोका मारीत जाणारा कामगार हेंच काम करीत असे. वैद्यकशास्त्रांतहि हीच युक्ति आहे. ऑस्ट्रियन वैद्य लिओपोल्ड औएनब्रुगर यानें १७६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत रोग्याच्या छातीवर बोटांनीं ठोकून आंतील विकार ओळखण्याची रीति सांगितली. तो एका खाणावळवाल्याचा मुलगा होता, आणि पिंपें ठोकून त्यांतील मद्याची पातळी ओळखण्याची रीत त्यानें बाळपणीं पाहिली असावी, असें म्हणतात. पुढें १८१६ सालीं पॅरिस येथील डॉक्टर लेनेक यानें कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीस लावली, आणि तींतूनच स्टेथॉस्कोपाचा जन्म झाला.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. वस्तु न उघडतां तिच्या पोटांतील स्थिति आवाजावरून जाणून घ्यावयाची. प्रस्तुत लेखांत आम्ही हीच रीति जुन्या मोटारीच्या इंजिनास लावून दाखविणार आहों. हा विषय केवळ यंत्रांच्या हौशी लोकांचा आहे, असें कोणीं समजूं नये. इंजिनांतील एक ठोका असा असतो कीं, तो पाना व पेचकस घेऊन दहा मिनिटांत दूर होतो; आणि दुसरा असा असतो कीं, त्याकडे दुर्लक्ष केलें तर भर रस्त्यांत, कदाचित् घाटाच्या चढावर, इंजिन फुटून निकामी होतें. अनभ्यस्त कानास दोन्ही आवाज सारखेच वाटतात. पहिल्याला दुसरा समजलों तर घरच्या माणसांचा पैसा व्यर्थ जातो. दुसऱ्याला पहिला समजलों तर त्यांचा जीव धोक्यांत पडतो. म्हणून निदान कसें करावें, हें शिकण्यासारखें आहे.

१. यंत्राची थोडी ओळख

उदाहरणादाखल आपण प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊं. इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर मुंबईंत कुर्ला येथील कारखान्यांत १९६४ सालापासून '११०० डिलाइट' नांवाची जी गाडी तयार होऊं लागली, तीच पुढें पद्मिनी या नांवानें घरोघरीं माहीत झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दोन पिढ्यांनीं तिच्यांतून प्रवास केला. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तथापि खाजगी मालकांनीं जिवापाड जपलेल्या पद्मिनी गाड्या अद्यापि दृष्टीस पडतात. आजच्या पुष्कळ नव्या मोटारींत ठोका ऐकणारा एक लहानसा विद्युत्-कान इंजिनावरच बसविलेला असतो, आणि त्याची वर्दी मिळतांच संगणक ठिणगीची वेळ आपोआप सुधारतो. पद्मिनीला असा कान नाहीं. तिच्यासाठीं माणसानेंच कान दिला पाहिजे, आणि म्हणूनच ती शिकणाऱ्यास उत्तम.

तिच्या इंजिनांत चार सिलिंडर एका ओळींत आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि त्यांत वरखालीं जाणाऱ्या दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. चारही मिळून आकारमान १०८९ घन सेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडरांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण शोषलें जातें, दाबलें जातें, ठिणगीनें पेटतें, आणि जळालेला धूर बाहेर टाकला जातो. या चार क्रिया होईपर्यंत क्रँकचे दोन फेरे पूर्ण होतात. पेटलेल्या वायूच्या रेट्यानें दट्ट्या खालीं जातो. दट्ट्यास एका पिननें जोडलेला कनेक्टिंग रॉड तो रेटा क्रँकला पोंचवितो, आणि क्रँक फिरतो. रॉडचें खालचें टोंक क्रँकला जेथें मिठी मारतें, तेथें बेअरिंगच्या दोन अर्धवर्तुळाकार वाट्या बसविलेल्या असतात. वाटी व क्रँक यांमध्यें जी फट असते ती मिलिमीटरच्या कांहीं शतांशांइतकीच असते, आणि पंपानें दाबून आणलेलें तेल ती फट भरून काढतें. धातु धातूला लागत नाहीं. मध्यें तेलाची गादी असते.

आतां रेट्याचें मान पाहा. दट्ट्याच्या डोक्याचें क्षेत्रफळ सुमारें ३६ चौरस सेंटिमीटर आहे. गाडी पूर्ण जोर लावीत असतांना दर चौरस सेंटिमीटरावर ३० किलोग्रॅमचा दाब धरला, तरी एका दट्ट्यावर एका टनाहून अधिक भार क्षणमात्र येतो. फट योग्य असेल तर तेलाची गादी हा भार झेलते. फट वाढली, किंवा तेलाचा दाब उतरला, कीं तोच भार हातोड्याप्रमाणें आदळतो. इंजिनांतील ठोका तो हाच.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. झडपा उघडणारा कॅमचा दांडा क्रँकच्या निम्म्या गतीनें फिरतो. इंजिन जागच्या जागीं सावकाश चालत असतां क्रँक मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर सेकंदास तेरांहून थोडे अधिक फेरे होतात, आणि कॅमचे त्याच्या निम्मे, म्हणजे साडेसहाहून थोडे अधिक. या निम्म्या गतीचा पुढें उपयोग होणार आहे.

२. साक्षीदारास विचारावयाचे चार प्रश्न

आवाज हा रोग नव्हे. तो रोगाचा साक्षीदार आहे. कोर्टांत शहाणा वकील साक्षीदाराचें पहिलें वाक्य ऐकून निकाल मागत नाहीं. तो उलटतपासणी करतो. आपणहि आवाजास चार प्रश्न विचारावे : तूं कोठून येतोस? केव्हां येतोस? किती वेळां येतोस? आणि काय बदललें असतां तूं बदलतोस? यांपैकीं चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. तो विचारतांना एक नियम कसोशीनें पाळावा : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तेलहि बदललें, प्लगहि बदलले, आणि ठिणगीची वेळहि फिरविली, तर आवाज थांबला तरी तो कशानें थांबला हें कळत नाहीं. आणि जें कळलें नाहीं तें पुढच्या वेळीं उपयोगीं पडत नाहीं.

परंतु प्रश्न विचारण्याच्याहि आधीं ज्यास पैसा लागत नाहीं तें करून घ्यावें. तेलाची काडी काढून पुसावी व पातळी पाहावी. तेल कमी असेल, किंवा त्यास पेट्रोलचा वास येऊन तें पातळ झालें असेल, तर प्रथम तो दोष दूर करावा. मग इंजिनाच्या बाहेरचे भाग हातानें हलवून पाहावे, अर्थात् इंजिन बंद असतांना. पंख्याचें पातें ढिलें आहे काय, पट्ट्याची पुली हलते काय, इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसलें आहे त्या फाटल्या आहेत काय, हें पाहावें. धूर बाहेर नेणाऱ्या नळाचा सांधा फुटला असेल तर तेथून निसटणारा वायूहि हुबेहूब ठोक्यासारखी टिकटिक करतो. बाहेरच्या चोराकरितां घराच्या भिंती पाडणें शहाणपणाचें नव्हे.

'कोठून?' या प्रश्नासाठीं मिस्त्री लोक एक साधें साधन वापरतात. लांब पेचकसाचें लोखंडी टोंक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवावें व लांकडी मूठ कानाशीं धरावी. घन पदार्थांतून आवाज उत्तम वाहतो, हें पदार्थविज्ञानाच्या तासास आपण शिकलोंच आहों. जेथें आवाज सर्वांत स्पष्ट, तेथें त्याचें मूळ जवळ. मात्र फिरता पंखा व पट्टा यांपासून कपडे, केस व बोटें दूर ठेवावीं.

'किती वेळां?' या प्रश्नासाठीं ठिणगीची वेळ पाहण्याचा झगझगणारा दिवा उपयोगीं पडतो. तो पहिल्या सिलिंडरच्या वायरीस जोडला असतां क्रँकच्या दर दोन फेऱ्यांस एकदां, म्हणजे कॅमच्या गतीनें, चमकतो. दर चमकेस एक ठोका ऐकूं आला तर संशय प्रथम झडपांच्या बाजूस जातो. एका चमकेस दोन ठोके आले तर तो क्रँकच्या बाजूस जातो. परंतु एवढ्यावरच निकाल देऊं नये; कारण पेटलेल्या वायूचा मोठा रेटाहि दोन फेऱ्यांत एकदांच येतो, आणि खालच्या भागांतील एखादा ठोका त्याच तालावर मोठा होऊं शकतो.

३. आवाजांचीं पांच कुळें

पहिलें कुळ झडपांचें. हा आवाज हलका, एकसारखा, शिवणाच्या यंत्रासारखा टिकटिक असतो व इंजिनाच्या वरच्या झांकणाखालून येतो. झडपेची दांडी व तिला दाबणारा भाग यांमध्यें ठरीव फट ठेवावी लागते. ती वाढली कीं टिकटिक सुरू होते. यासच टॅपेटचा आवाज म्हणतात. परीक्षा सोपी आहे. झांकण काढून इंजिन सावकाश चालू ठेवावें आणि फट मोजण्याची पातळ पट्टी एकेका झडपेच्या फटींत सरकवावी. ज्या झडपेपाशीं पट्टी जातांच टिकटिक बंद होते, ती झडप अपराधी. हा आवाज त्रासदायक असला तरी तात्काळ घातक नव्हे.

दुसरें कुळ दट्ट्याच्या थपडेचें. इंजिन थंड असतां सकाळीं पोकळ, बोदा आवाज येतो आणि इंजिन तापलें कीं तो विरून जातो. याचें कारण पदार्थविज्ञानांत आहे. दट्ट्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडर ओतीव लोखंडाचा. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. थंड असतां झिजलेल्या सिलिंडरांत दट्ट्या सैल बसतो व भिंतीवर थापा मारतो. तापला कीं फुगून नीट बसतो. प्लग काढून त्या छिद्रांतून थोडें तेल आंत सोडलें असतां हा आवाज कांहीं वेळ मंदावतो, ही त्याची खूण. अशी गाडी सांभाळून चालविली तर पुष्कळ दिवस चालते.

तिसरें कुळ दट्ट्याच्या पिनचें. हा आवाज तीक्ष्ण व धातूचा असतो आणि पुष्कळदां जोडीनें, टक्-टक् असा, सावकाश चालत्या इंजिनांत ऐकूं येतो.

चौथें कुळ क्रँकच्या बेअरिंगांचें, आणि भय आहे तें याचें. रॉडच्या खालच्या टोंकाचें बेअरिंग झिजलें असेल तर इंजिन तापल्यावर, मध्यम गतीस, पेडलावरून पाय थोडा उचलतांच भरीव ठोके स्पष्ट होतात. क्रँकचें मुख्य बेअरिंग झिजलें असेल तर आवाज त्याहून खोल असतो. दूर कोणी जमिनीवर मुसळ आपटीत असावें तसा, आणि तो गाडी जोर लावूं लागली कीं वाढतो. या दोहोंसोबत बहुधा तेलाचा दाब उतरतो व दाब दाखविणारा दिवा गरम इंजिनावर लुकलुकूं लागतो. थंडींत आवाज कमी आणि उष्णतेंत अधिक, ही याची खूण थपडेच्या खुणेच्या अगदीं उलट आहे. कारण गरम तेल पातळ होऊन त्याची गादी विरळ होते.

पांचवें कुळ जळणाचें. त्याविषयीं पुढें स्वतंत्र लिहिलें आहे.

४. प्लगची परीक्षा

खालच्या भागांतील ठोका चारांपैकीं कोणत्या सिलिंडराचा, हें ठरविण्याची जुनी व खात्रीची रीति अशी. इंजिन सावकाश चालू ठेवून एका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीनें काढावी आणि तिचें टोंक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेवावें. त्या सिलिंडरांत आतां ठिणगी पडत नाहीं. म्हणून टनाचा रेटा येत नाहीं. म्हणून तेथील सैल बेअरिंगहि आदळत नाहीं. वायर काढतांच ठोका मंदावला तर दोष त्याच सिलिंडराच्या रॉडपाशीं, पिनपाशीं किंवा दट्ट्यापाशीं आहे. मंदावला नाहीं तर वायर परत लावून पुढचा प्लग घ्यावा. मुख्य बेअरिंगचा ठोका मात्र अशानें सहसा पुरता जात नाहीं. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या वायरी एकदम काढल्या तर त्यांत फरक पडतो.

येथें सावधगिरीची सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. प्लगच्या वायरींत हजारों व्होल्टचा दाब असतो. हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं एकट्यानें करूं नये. जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, मोकळ्या हवेंत, आणि पेट्रोल गळत नाहीं अशी खात्री करून मगच करावा. बंद खोलींत इंजिन चालूं ठेवलें तर धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु वास न येतां प्राण घेतो. तसेंच संगणकावर चालणाऱ्या नव्या मोटारींस ही रीति लावूं नये. त्यांचे नाजूक भाग तिनें बिघडतात.

५. घाटांतील किणकिण आणि एका शोधाची कथा

गाडी वरच्या गियरमध्यें चढ चढत असतां, इंजिन तापलेलें असतां, कांचेच्या गोट्या डब्यांत हलवाव्या तशी किणकिण ऐकूं येते. पेडलावरून पाय उचलतांच ती थांबते. येथें कोणताहि भाग ढिला नसतो. नेहमींच्या जळणांत ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर क्रमाक्रमानें पसरते. परंतु ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील शिल्लक मिश्रण दाबानें व उष्णतेनें आपोआप एकदम पेटलें, तर दाबाच्या लाटा सिलिंडरांत इकडून तिकडे आदळूं लागतात. त्यांचीं कंपनें सेकंदास सहा ते आठ हजारांच्या घरांत असतात, आणि त्यांचाच तो आवाज.

हें ज्ञान सहजासहजीं मिळालें नाहीं. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग या शोधकानें बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजना व विजेचा स्टार्टर प्रचारांत आणला, तेव्हां इंजिनांतील ठोक्याचें खापर लोकांनीं त्याच्याच योजनेवर फोडलें. १९१६ सालीं त्यानें टॉमस मिजली या आपल्या तरुण सहकाऱ्यास या प्रश्नाच्या मागें लाविलें. मिजलीनें सिलिंडरांतील दाब प्रत्यक्ष नोंदवून पाहिला आणि दाखवून दिलें कीं, दाबाची ती तीक्ष्ण उसळी ठिणगी पडल्यानंतर येते, आधीं नव्हे. मग दोघांस एक कल्पना सुचली. बर्फाळ प्रदेशांत लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीच्या पानांची पाठ लाल असते. लाल रंग उष्णता शोषून घेतो म्हणून ती लवकर फुलत असेल, तर पेट्रोल लाल केल्यास त्याची वाफहि उष्णता लवकर शोषील व ठोका थांबेल, असा त्यांचा तर्क. भांडारांत तसा रंग नव्हता, म्हणून मिजलीनें आयोडिन घातलें. आणि ठोका खरोखरच कमी झाला!

सामान्य मनुष्य येथेंच टाळ्या वाजवून थांबला असता. मिजली थांबला नाहीं. त्यानें खरे लाल रंग आणवून एकेक घालून पाहिले. कशाचाहि परिणाम झाला नाहीं. मग त्यानें आयोडिनचें एक रंगहीन संयुग घातलें, ठोका थांबला. म्हणजे रंगाचा तर्क साफ खोटा ठरला, पण त्याच्या पोटांतून खरी गोष्ट निघाली कीं, कांहीं द्रव्यें जळणाची रीतच बदलूं शकतात. 'एका वेळीं एकच गोष्ट बदलावी' या नियमाचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

या कथेचा उत्तरार्ध मात्र दुःखद आहे. ९ डिसेंबर १९२१ रोजीं मिजलीच्या प्रयोगशाळेंत टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग ठोका थांबविण्यांत अत्यंत प्रभावी ठरलें, व १९२३ पासून तें पेट्रोलांत घालून विकलें जाऊं लागलें. शिसें विषारी आहे, हें तेव्हांहि अज्ञात नव्हतें. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सी येथील कारखान्यांत तें तयार करणारे पांच कामगार विषबाधेनें मरण पावले. तरीहि पुढें कित्येक दशकें जगभरच्या मोटारींनीं शिशाचा धूर हवेंत सोडला, आणि त्याचा सर्वांत अधिक जाच लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस झाला. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आलें. जगांतील शेवटच्या देशानें, अल्जीरियानें, तें २०२१ सालीं सोडलें. आवाज बंद झाला म्हणजे सर्व कुशल झालें असें नव्हे, हें शंभर वर्षांच्या या इतिहासावरून शिकावें.

घाटांतील किणकिणीवर आजचे उपाय सौम्य आहेत. ठिणगीची वेळ थोडी मागें घ्यावी. रेडिएटर व पाण्याचा पंप तपासावा. सिलिंडरच्या डोक्यांत साचलेली काजळी काढावी. आणि चढावर वेळीच खालचा गियर टाकावा. पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणजे त्याच्या ठोका न देण्याच्या गुणाचें माप. आयसो-ऑक्टेनचा गुण १०० आणि हेप्टेनचा शून्य धरून तें ठरविलें आहे.  इथेनॉल मिसळल्यानें हा अंक वाढतो. मात्र जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व पडदे त्यास टिकतात कीं नाहीं, हें मालकानें वेळोवेळीं पाहिलें पाहिजे.

६. एका गाडीचें निदान

आतां या सर्व रीति एकत्र कशा लावाव्या, तें पाहूं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांजवळ १९८६ सालची पद्मिनी आहे. कुटुंबासह कुंभार्ली घाटानें चिपळुणास जाण्याचा त्यांचा बेत ठरला असतां गाडींतून ठोके ऐकूं येऊं लागले. एका मिस्त्रीनें 'टॅपेटचा आवाज आहे, खुशाल जा' असें सांगितलें. दुसऱ्यानें संपूर्ण इंजिन उघडण्यास सांगून गाडीच्या निम्म्या किंमतीइतका खर्च काढला. गृहस्थ गोंधळले. आम्हीं वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी व एक अनुभवी मिस्त्री यांसह गाडी तपासली आणि प्रत्येक परीक्षेचें उत्तर वहींत लिहीत गेलों.

तेलाची पातळी ठीक होती. बाहेरचे भाग घट्ट होते. वरच्या झांकणाखालीं टिकटिक होती. दुसऱ्या सिलिंडराच्या एका झडपेंत पट्टी सरकवितांच ती थांबली. फट बरोबर करतांच कायमची गेली. म्हणजे पहिल्या मिस्त्रीचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु आतां वरचा गलबला शांत झाल्यामुळें त्याखालीं लपलेला दुसरा, जड ठोका ऐकूं आला. एक साक्षीदार खरें बोलला, म्हणून दुसरा साक्षीदार नाहींच, असें होत नाहीं.

हा दुसरा ठोका इंजिन थंड असतां जवळजवळ नव्हता व तापल्यावर वाढला. म्हणून दट्ट्याची थपड नव्हे. तो चढापेक्षां सपाट रस्त्यावर पाय उचलतांना स्पष्ट होता, आणि ठिणगीची वेळ मागें घेतल्यानें त्यांत कांहीं फरक पडला नाहीं. म्हणून जळणाची किणकिण नव्हे. प्लगच्या परीक्षेंत पहिला, दुसरा व चौथा यांनीं कांहीं फरक दाखविला नाहीं. तिसऱ्याची वायर काढतांच ठोका विरला. गरम इंजिन सावकाश चालत असतां तेलाचा दिवा लुकलुकत होता. या पांचही उत्तरांचें बोट एकाच जागेकडे होतें : तिसऱ्या रॉडचें खालचें बेअरिंग.

घाटाचा बेत रहित झाला. मिस्त्रीनें इंजिन न उतरवितां केवळ खालचें तेलाचें भांडें काढलें व तिसऱ्या रॉडची टोपी सोडली. बेअरिंगच्या वाटीवरील पांढऱ्या धातूचा थर झिजून खालचा तांबूस थर उघडा पडला होता. मायक्रोमीटरनें क्रँक निरनिराळ्या दिशांनीं मोजला. तो अद्यापि गोल होता. आणखी थोडें चालविलें असतें तर तो ओरखडून घासावा लागला असता; त्याहून अधिक चालविलें असतें तर रॉड तुटून इंजिनाच्या भिंतींतून बाहेर आला असता. पण 'बेअरिंग झिजलें' हेंहि शेवटचें उत्तर नव्हे. तें कां झिजलें, हें विचारलें पाहिजे. तेल शोषणारी जाळी काढून पाहिली, तों ती काळ्या गाळानें निम्मी बुजलेली होती. जाळी धुतली, पंप तपासला, चारही रॉडांच्या वाट्या नव्या घातल्या, आणि नवें तेल भरलें. दुसऱ्या मिस्त्रीनें सांगितलेल्या खर्चाच्या अल्पांशांत गाडी धड झाली, आणि कुटुंब पुढच्या महिन्यांत सुखरूप चिपळुणास जाऊन आलें.

७. समारोप

जुनी गाडी विकणारे कांहीं लोक ठोका लपविण्यासाठीं इंजिनांत अति दाट तेल ओततात. फट तशीच राहते. आवाज तेवढा गप्प बसतो. विकत घेणाऱ्यानें अशी गाडी पुरती तापवून, अर्धा तास चालवून, मगच कान द्यावा. आणि कोणत्याहि गाडींत खोल, जड ठोका व तेलाचा दिवा हीं दोन्ही एकत्र आलीं, तर 'घरापर्यंत जाऊं' असें न म्हणतां तेथेंच इंजिन बंद करावें. गाडी ओढून नेण्याचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोडे मिस्त्री होतील; पण निदान करण्याची वेळ सर्वांवर येईल. शेतांतील पीक कां पिवळें पडलें, मुलाचा ताप कां उतरत नाहीं, जमाखर्च कां जुळत नाहीं, या प्रत्येक ठिकाणीं रीति तीच आहे : प्रथम नीट ऐकावें, फुकट होणाऱ्या परीक्षा आधीं कराव्या, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, उत्तर लिहून ठेवावें, आणि एक कारण सांपडलें म्हणून शोध थांबवूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) व्यास ६.८ व धांव ७.५ सेंटिमीटर धरून चार सिलिंडरांचें आकारमान काढा.

(२) क्रँक मिनिटास ३००० फेरे घेत असतां एका सिलिंडरांत सेकंदास किती वेळां ठिणगी पडेल? दट्ट्याची सरासरी गति सेकंदास किती मीटर होईल?

(३) एका गाडींत सकाळीं ठोका येतो व पांच मैल गेल्यावर थांबतो. दुसरींत सकाळीं नसतो व पांच मैल गेल्यावर सुरू होतो. कोणती गाडी आधीं दुरुस्तीस न्यावी, व कां?